हाकेला ओ न देणारी ग्रंथी



"हल्ली हिला काय झालंय कोण जाणे! पूर्वी वीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकायची, आता चार पोळ्या लाटल्या की ओट्याला टेकून उभी राहते."

"दुपारी दोन-दोन तास झोपते, तरी म्हणते अंग जड झालंय."

"वजन वाढतंय म्हणजे खात असणारच की!"

ही वाक्ये तुमच्या कानांवर आली असतील. कदाचित तुमच्याविषयीच कुणी बोलले असेल, कदाचित तुम्हीच जावेविषयी किंवा सुनेविषयी बोलला असाल. आपल्याकडे बाईच्या थकव्याला फार लवकर नाव मिळते. ती तरुण असली तर 'आळशी', चाळिशीची असली तर 'चिडकी', आणि साठी उलटलेली असली तर 'आता वय झालं!' अशी नावे ठेवण्याआधी गळ्यातल्या एका लहानशा ग्रंथीची चौकशी करावी, एवढेच सांगण्यासाठी आजचा हा लेख. मात्र त्या ग्रंथीकडे जाण्याआधी हॉर्मोन म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. नाहीतर डॉक्टरांनी दिलेली गोळी आपण घेतो, पण ती का घ्यायची हे ठाऊक नसल्यामुळे दोन महिन्यांत बंदही करतो.

भोंगा साऱ्या गावाला ऐकू जातो

शरीरात निरोप पोचवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात क्षणात मागे येतो. तो निरोप मज्जातंतूंनी नेलेला असतो. तो चटकन पोचतो आणि चटकन संपतो. दुसरी तऱ्हा सावकाश चालणारी आहे. काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात आणि रक्ताबरोबर तो सगळ्या अंगभर फिरतो. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, त्या नळीने लाळ तोंडात येते. या ग्रंथींना तशी नळीच नसते. म्हणून त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांच्या रसाला हॉर्मोन. मराठी पुस्तकांत त्याला 'संप्रेरक' असा छान शब्द आहे. प्रेरणा देणारा तो संप्रेरक.

आता तुम्ही म्हणाल, रस जर सगळ्या अंगभर फिरतो, तर त्याचा परिणाम नेमक्या जागीच कसा होतो? सोलापुरात पूर्वी गिरणीचा भोंगा वाजे तो आठवा. भोंगा साऱ्या गावाला ऐकू जाई. शाळेतले मास्तर ऐकत, भाजीवाली ऐके, घरात कुकर लावणारी गृहिणीही ऐके. पण डबा उचलून निघे तो गिरणीचा कामगारच. हॉर्मोनचेही तसेच आहे. रक्त त्याला प्रत्येक पेशीच्या दाराशी नेते, पण ज्या पेशीजवळ तो ओळखण्याची सोय असते तीच पेशी कामाला लागते. बीजांडकोशातला इस्ट्रोजेन गर्भाशय, स्तन आणि हाडे यांना चांगला ओळखू येतो. गळ्यातल्या ग्रंथीचा हॉर्मोन मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीला ओळखू येतो. म्हणून ही एक ग्रंथी बिघडली की तक्रारी डोक्याच्या केसांपासून पायांच्या टाचांपर्यंत असतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की बाई नुसती कुरकुर करते आहे!

रक्तातून निरोप जातो हे माणसाला फार उशिरा कळले. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सारे मज्जातंतू तोडले आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. मज्जातंतू नसतानाही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातूनच गेला होता. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा निरोप्या द्रव्यांना 'हॉर्मोन' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे चेतवणे, कामाला लावणे.

ठुशी बसते ती जागा

आपल्या शरीरात अशा ग्रंथी बऱ्याच आहेत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, पोटात इन्सुलिन तयार करणारे स्वादुपिंड, ओटीपोटात दोन बीजांडकोश. आणि गळ्यात, ठुशी घातली की ती साधारण जिथे बसते त्या जागी, श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूला थायरॉइड ग्रंथी. पुस्तकी मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण आता घराघरांत 'थायरॉइड' हाच शब्द चालतो. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, वजन अवघे पंधरा ते वीस ग्रॅम.

ही ग्रंथी अन्नातले आयोडीन घेऊन मुख्यतः थायरॉक्सिन नावाचा हॉर्मोन बनवते. त्याच्या एका कणात आयोडीनचे चार अणू असतात म्हणून रिपोर्टात त्याला 'टी-४' म्हणतात. त्यातला एक अणू निघाला की 'टी-३' होतो आणि पेशींत प्रत्यक्ष काम करतो तो हाच. दिवसाला ग्रंथी किती थायरॉक्सिन तयार करते? सुमारे ८० ते १०० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले ऐंशी ते शंभर! साठ वर्षांचे सारे थायरॉक्सिन एकत्र केले तरी दोन-सव्वादोन ग्रॅमच भरेल. मिठाच्या मापाने म्हणाल तर चहाचा अर्धा चमचाही नाही. एवढ्याशा द्रव्यावर साठ वर्षांचा संसार चालतो. म्हणूनच त्यात थोडी कमी-जास्त झाली तरी अंगाला जाणवते.

थायरॉक्सिनचे काम म्हणजे शरीराच्या चुलीची आच ठरवणे. आच मंद झाली की सगळेच मंदावते. थंडी जास्त वाजते, सकाळी उठवत नाही, शौचाला साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, आवाज जाडसर होतो, पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो, नावे आठवत नाहीत, उगाच रडू येते. वजन थोडे वाढते, पण त्यातला बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. वीस-पंचवीस किलो वाढले आणि दोष सगळा थायरॉइडचा, असे सहसा नसते.

आच फार मोठी झाली तर उलट चित्र. भरपूर खाऊनही वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, जरा मनाविरुद्ध झाले की संताप येतो. हाही आजारच, आणि त्याचे औषध वेगळे. आज आपण मुख्यतः मंद आचेविषयी बोलू, कारण आपल्या भगिनींत तीच तक्रार जास्त आढळते.

हाक आणि ओ

ही आच कमी-जास्त करायला शरीरात कोण बसले आहे? मघाशी सांगितलेली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी. ती रक्तातल्या थायरॉक्सिनवर सतत नजर ठेवते. थायरॉक्सिन कमी पडते आहे असे दिसले की ती एक हॉर्मोन सोडते. हा हॉर्मोन म्हणजे थायरॉइडला मारलेली हाक, "अगं, काम कर!" रिपोर्टात त्याचे नाव असते 'टीएसएच'. थायरॉइडने ओ दिली, म्हणजे पुरेसे थायरॉक्सिन सोडले, की पियुषिका गप्प बसते. घरात आई स्वयंपाकघरातून मुलीला हाक मारते तसेच हे. मुलीने पहिल्या हाकेला ओ दिली तर आई आवाज चढवत नाही. नाही दिली तर दुसरी हाक मोठी, तिसरी त्याहून मोठी!

एवढे लक्षात ठेवलेत की रिपोर्ट वाचताना गोंधळ होणार नाही. कितीतरी जणी म्हणतात, "माझा थायरॉइड वाढलाय." कारण कागदावर टीएसएचचा आकडा मोठा असतो. पण वाढलेली असते ती हाक. थायरॉइडचे काम वाढलेले नसून घटलेले असते, म्हणून तर हाक मोठी झाली. उलट टीएसएच अगदी शून्याजवळ गेला, तर बहुधा थायरॉइड न बोलावता दुप्पट काम करते आहे आणि पियुषिकेने हाक मारणेच सोडले आहे, असे समजायचे.

आणखी एक गंमत आहे. ओ थोडी बारीक झाली तरी हाक पुष्कळ मोठी होते. म्हणजे टी-४ जरासाच उतरला असताना टीएसएच कितीतरी पट चढलेला सापडतो. म्हणून डॉक्टर आधी हीच तपासणी सांगतात. मोठ्या माणसांत तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो. प्रयोगशाळेप्रमाणे ही हद्द थोडी बदलते, वयाप्रमाणे आणि गर्भारपणातही बदलते, म्हणून आकडा वाचण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. क्वचित पियुषिकाच आजारी असते आणि तिला हाकच मारता येत नाही. अशा वेळी एकट्या टीएसएचवर भागत नाही, टी-४ही पाहावा लागतो.

हाच हाक-ओचा नियम शरीरात इतरत्रही आहे. पाळी जायच्या वयात बीजांडकोश ओ देईनासे होतात आणि पियुषिकेची त्यांच्यासाठीची हाक, म्हणजे 'एफएसएच', वाढत जाते. तिथे तो वयाचा क्रम आहे. थायरॉइडच्या बाबतीत मात्र तो आजार आहे, आणि त्यावर सोपे औषध आहे.

बायकांच्याच वाट्याला का?

थायरॉइडचे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटीने जास्त आढळते. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये या आजाराचे वर्णन प्रथम केले तेव्हा त्यांच्यासमोर प्रौढ स्त्रियाच होत्या. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी थायरॉइडच्या एका विशिष्ट सुजेचे वर्णन केले, त्या चारही रोगी स्त्रियाच. आज 'हाशिमोतो' हेच त्या रोगाचे नाव आहे. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी फौज बाळगलेली असते, तीच चुकून घरच्या ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते. आयोडीन पुरेसे मिळते त्या ठिकाणी ग्रंथी मंदावण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. हा दोष घराण्यात चालतो. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला थायरॉइड असेल तर आपण लवकर तपासून घ्यावे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षातही ही फौज बिथरू शकते. बाळंतीण आधी धडधडीने हैराण होते आणि काही महिन्यांनी अगदी गळून जाते. घरचे म्हणतात, "बाळंतपण नीट झालं नाही, डिंकाचे लाडू कमी पडले." लाडू जरूर द्या, पण रक्तही तपासून घ्या.

औषध नव्हते तेव्हा अशा स्त्रियांचे हाल होत. चेहरा सुजे, बोलणे जड होई, शेवटी बुद्धीही मंद होई. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी अशाच एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. काही महिन्यांत तिची सूज उतरली, ती चालू-बोलू लागली. पुढे तोच अर्क ती तोंडाने घेत राहिली आणि आणखी अठ्ठावीस वर्षे जगून १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. तिच्या एकटीसाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! पुढे १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. आजच्या गोळीतले थायरॉक्सिन असे बनवलेले असते, त्यासाठी प्राण्याची ग्रंथी लागत नाही. शाकाहारी भगिनींनी मनात किंतु ठेवू नये.

गोळी आणि सकाळचा चहा

थायरॉक्सिनची गोळी म्हणजे बाहेरून घातलेले एखादे परके रसायन नव्हे. आपली ग्रंथी जे बनवेनाशी झाली, तेच आपण तोंडाने घेतो. डाळीत मीठ कमी पडले तर वरून घालतो तसे. मात्र ही गोळी स्वभावाने जरा मानी आहे. तिला पोटात दुसऱ्या कुणाची गर्दी खपत नाही.

१. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी आणि न्याहारी अर्धा ते एक तासानंतर. पहिला चहा लांबवणे जड जाते खरे, पण तोंड धुतल्याबरोबर गोळी घेतली तर दूध तापून, डबे भरून होईपर्यंत वेळ निघून जातो.

२. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घ्यावी. वेळ कोणतीही ठरवा, रोज एकच ठेवा.

३. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. त्या थायरॉक्सिनला पोटातच अडवतात.

४. उपास असला तरी गोळी चुकवू नये. पाण्याबरोबर घेतलेल्या औषधाने उपास मोडत नाही.

५. डबी गॅसच्या वरच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नये. उष्णता आणि ओल दोन्ही तिला बाधतात.

६. गोळीची कंपनी वारंवार बदलू नये. बदलावी लागली तर डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केली तरी चार-आठ दिवस काहीच जाणवत नाही. बाई मनाशी म्हणते, "बघा, उगाच खात होते. बंद केली तरी काही झालं नाही." आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा अंथरुणाला खिळते, तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. याच कारणाने गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. त्याआधी तपासले तर खरा हिशेब कळत नाही. आठ दिवसांत उत्साह आला नाही म्हणून निराश होऊ नका.

केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेण्याची हल्ली चाल पडली आहे. त्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी तसे सांगा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, म्हणून निदान दोन दिवस आधी त्या बंद करायला सांगतात.

आणखी एक. वजन उतरावे म्हणून मैत्रिणीच्या डबीतली गोळी कधीही घेऊ नका. नको असताना घेतलेले थायरॉक्सिन हृदयाचे ठोके बिघडवते आणि हाडे ठिसूळ करते. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला डॉक्टर अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करतात, ते याच भीतीने.

मिठाची बरणी

ग्रंथीला काम करायला कच्चा माल लागतो तो आयोडीनचा. मोठ्या माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला २५०. पावसाने आणि पुराने जमिनीतले आयोडीन धुपून जाते, मग तिथल्या धान्य-भाज्यांतही ते उतरत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी म्हणूनच पूर्वी गावेच्या गावे गलगंडाची असत. हाकेमागून हाका येतात, माल मात्र नाही. अशा वेळी ग्रंथी फुगत जाते, तोच गलगंड. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, एकाला साधे. पाच-सहा वर्षांत आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले आणि साध्या मिठाच्या भागात ते होते तसेच राहिले. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आपल्या घरापुरते काय करायचे? मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द पाहून घ्यावे. घरात पोचेपर्यंत त्याच्या एका ग्रॅमात किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. बरणीला घट्ट झाकण असावे, ओला चमचा घालू नये. सैंधव उपासापुरते ठीक आहे. पण बारा महिने सैंधवच वापरणार असाल तर त्यात आयोडीन आहे का, याची खात्री करा. मात्र आयोडीनसाठी मीठ जास्त खाऊ नका हं! आणि हाशिमोतोने ग्रंथी निकामी झाली असेल तर जादा आयोडीनने ती सुधारत नाही, उलट बिघडू शकते.

बारशाच्या आत

गर्भातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते. तोवर त्याचा मेंदू घडतो तो आईच्या थायरॉक्सिनवर. म्हणून गोळी घेणाऱ्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेले की "तीन महिने कुणाला सांगायचं नाही" हा नियम डॉक्टरांना लागू करू नका. पहिल्याच आठवड्यात भेटा, कारण बहुतेकींची मात्रा वाढवावी लागते. "पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत" असे म्हणून ही गोळी बंद करणे म्हणजे बाळाच्या तोंडचा घास काढणे आहे.

काही बाळांची थायरॉइड जन्मतःच काम करत नाही. असे बाळ दिसायला पहिल्या दिवसांत गोंडस आणि शांत असते. "किती गुणाचं, रडतसुद्धा नाही!" असे कौतुकही होते. पण उपचार लांबले तर बुद्धी कायमची मंद राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन टीएसएच तपासता येतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखेच वाढते. थोडक्यात, बारशाच्या आत हा रिपोर्ट हाती हवा. प्रसूतीला जाल तिथे ही तपासणी होते का, हे आधीच विचारून ठेवा.

नेहमी येणारे प्रश्न

कोबी-फ्लॉवर बंद करायचा का? नाही. शिजवून, नेहमीच्या बेताने खाल्ला तर काही बिघडत नाही.

टीएसएच थोडासाच वाढला आहे, गोळी घ्यायचीच का? पुष्कळदा डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. कित्येकदा तो आपोआप उतरतो. गर्भारपण असेल किंवा दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर मात्र थांबू नये.

गोळी जन्मभर घ्यावी लागते का? हाशिमोतोत बहुधा हो. बाळंतपणानंतरचा बिघाड पुष्कळदा वर्षभरात निवळतो. बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असावा.

मुलीला थायरॉइड आहे, लग्न जमवताना सांगायचे का? अवश्य सांगा. गोळी वेळेवर घेणारी मुलगी संसार करते, नोकरी करते, तिला मुले होतात. लपवले की सासरी चोरून गोळी घ्यावी लागते. चोरून घेतलेली गोळी चुकते, आणि त्याचे परिणाम तिला आणि तिच्या बाळाला भोगावे लागतात.

सासूबाई फार विसरतात, सारख्या पांघरूण घेऊन बसतात. वयच झाले ना? असेलही. पण म्हातारपणी थायरॉइड मंदावली तर नेमके हेच दिसते. एकदा रक्त तपासून घ्या. तुमचीही चिंता मिटेल आणि त्यांनाही बरे वाटेल.

रिपोर्ट नॉर्मल आला तर?

हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. टीएसएच चार आठवडे थकलेल्या बाईचा पाहावा, तसाच चार वर्षे थकलेल्या बाईचाही पाहावा. पण तो नॉर्मल आला म्हणजे तिचा थकवा खोटा ठरला, असे समजू नये. हिमोग्लोबिन कमी असेल, साखर वाढलेली असेल, झोप पुरत नसेल, मन उदास असेल. आणि यातले काहीच नसले तरी पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईला दमायला हॉर्मोनचा बिघाड कशाला हवा? तिच्यासाठी औषध गोळीत नाही. तिची दोन कामे दुसऱ्या कुणीतरी उचलण्यात आहे.

म्हणून या आठवड्यात एवढेच करा. गेले दोन-तीन महिने काय काय होते आहे ते एका कागदावर लिहून काढा. थंडी, केस, पोट, पाळी, झोप, वजन, सारे काही. घराण्यात कुणाला थायरॉइड होता का, तेही लिहा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन व टीएसएच या दोन तपासण्यांविषयी विचारा. यजमानांना बरोबर न्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्याही कानांवर पडेल.

पुढच्या लेखात स्वादुपिंड आणि इन्सुलिन यांविषयी बोलू.